आधी क्लब मोडला, मग मॅच जिंकली

तर मंडळी, नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी हे नाव किती जणांनी ऐकलंय? दोन हात. ठीक आहे, मी पण बरीच वर्षं ऐकलं नव्हतं, आपल्याकडे फुटबॉल म्हटलं की मोहन बागान आणि 1911 एवढंच आठवतं.

हा माणूस 1869 चा, कलकत्त्याचा, घर सुखवस्तू, वडील डॉक्टर. गोष्ट अशी सांगतात की 1877 साली, म्हणजे आठ वर्षांचा असताना, आईबरोबर घोडागाडीतून गंगेवर स्नानाला चालला होता, वाटेत मैदानावर गोरे सोल्जर खेळत होते, पोरगं उतरून बघत उभं राहिलं, बॉल घरंगळत त्याच्याकडे आला आणि त्याने लाथ मारून परत पाठवला. झालं, लगेच ‘भारतीयाने मारलेली पहिली किक’! आता पहिली कुणी मोजली, हे विचारू नका, अशा गोष्टी नंतरच रंगतात.

मला त्यापुढचा किस्सा जास्त आवडतो. हेअर स्कूलमधल्या पोरांनी वर्गणी काढली, दुकानातून बॉल आणला आणि जोरात सुरू झाले, तर तो निघाला रग्बीचा! लांबुळका! कुणालाच कळलं नाही, तो कुठेही उडतोय आणि ही पोरं त्याच्यामागे. शेवटी शेजारच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातले स्टॅक नावाचे साहेब प्रोफेसर, त्यांनी बघितलं आणि खरा फुटबॉल आणून दिला.

पण आज मला बोलायचंय ते वेलिंग्टन क्लबबद्दल. नगेंद्रप्रसादने एकामागून एक क्लब काढले, त्यातला हा एक चांगला चाललेला. तिथे त्याने मणी दास नावाचा पोरगा आणला, कुंभाराचा मुलगा. मेंबर बिथरले, कुंभाराचं पोर आमच्यात कसं खेळणार? त्याने किती समजावलं माहीत नाही, पण शेवटी काय केलं तर अख्खा क्लबच मोडून टाकला. मणीला घेत नाही तर क्लबच नको. बरं, हा स्वतः वरच्या जातीतला, गप्प बसला असता तरी त्याचं काहीच बिघडत नव्हतं.

मग शोभाबाजार क्लब निघाला आणि त्यात मणी दास होता. याच क्लबने 1892 ला ट्रेड्स कप या फुटबॉल स्पर्धेत ईस्ट सरे रेजिमेंटला 2-1 ने हरवलं. गोऱ्या पलटणीला! मोहन बागानने 1911 ला जिंकलेल्या त्या आयएफए शील्ड फायनलच्या 19 वर्षं आधी, आणि गंमत बघा, तिथेही समोर पलटणच होती, ईस्ट यॉर्कशायर, आणि स्कोअरही 2-1 च.

आपल्याकडचं आठवतंय ना? पालवणकर बाळू, दलित समाजातला क्रिकेटर. पुण्यात हिंदूंच्या टीमला मॅच जिंकून द्यायला हाच बॉलर हवा, पण चहाच्या वेळी बाकीचे आत कपबशीत पिणार आणि बाळूला बाहेर, मातीच्या भांड्यात, पिऊन झालं की फेकून द्यायचं. बॉल मात्र सगळे एकच हाताळत होते हां, त्याला विटाळ नाही! बाळूला कॅप्टन कधी केलं नाही, त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला, केलं ते 1923 मध्ये. म्हणजे कलकत्त्यात तो क्लब मोडला त्यानंतर पस्तीसेक वर्षांनी.

नगेंद्रप्रसाद 1940 साली गेले. हं, मागच्या रांगेत कुणाचा तरी हात वर आहे, बोला.