बॅरलमधला कार्बन घासून नाही, भिजवून जातो

(सोलापुरात नेमबाजी करणाऱ्या मुलामुलींपुढं आणि त्यांच्या आईवडिलांपुढं बोललो होतो, तेच थोडं नीट करून लिहिलंय.)

नमस्कार मंडळी. पुढं सरका जरा, पंखे फुल्ल आहेत, मागं ऐकू येणार नाही. टेबलावर जी रायफल ठेवलीय तिचा बोल्ट, म्हणजे मागची सरकती कडी, काढून बाजूला ठेवलाय, काडतूस बसतं ते चेंबर रिकामं आहे, मी घरून निघताना बघितलं, इथं आल्यावर बघितलं आणि आता तुमच्यासमोर परत बघतो. साफसफाईचं सगळं बोलणं याच्यानंतर.

आता मूळ मुद्दा. चुलीवरचा भाकरीचा तवा सगळ्यांनी बघितलाय. रोज घासला तर त्याचं काळं हाताला लागून निघून जातं. पण पंधरा दिवस तसाच चढवत राहा, मग ती काजळी राहत नाही, खपली होते, आणि उलथन्यानं खरवडावी लागते. बॅरलमध्ये, म्हणजे गोळी जाते त्या नळीत, अगदी हेच होतं, फक्त तिथं खरवडायची सोय नाही, कारण खालचं पोलाद आपल्याला जसंच्या तसं पाहिजे. माझी आई चुलीवर पातेलं चढवायच्या आधी बाहेरून राखेचा ओला लेप द्यायची, म्हणजे काजळी लेपावर बसायची आणि पाण्यानं उतरायची. काळं बसायच्या आधीच त्याची तजवीज करायची, हे मी रायफलच्या कितीतरी आधी तिच्याकडून शिकलो.

.२२ चं, म्हणजे इंचाच्या बावीस शतांश मापाच्या छोट्या रायफलचं, काडतूस घ्या. आत थोडी पावडर, कडेच्या रिममध्ये प्रायमर, म्हणजे ठिणगी देणारा मसाला, त्या प्रायमरमध्ये काचेची बारीक पूड पण असते कारण पिन आपटल्यावर घर्षण पाहिजे, आणि वर शिशाची गोळी, तिला मेणासारखं ल्युब. फायर झालं की हे सगळं एकदम जळतं, २००० अंश सेल्सिअसच्या वरची ज्वाळा, आणि ती पहिल्यांदा लागते कुठं, तर चेंबर संपून रायफलिंगचे आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, सुरू होतात तिथं. काडतुसाचं तोंड जिथं येऊन थांबतं त्याच्या बरोबर पुढं. काजळी, मेण, काचेची पूड, शिसं, सगळं तिथं बसतं, पुढचा राउंड, म्हणजे पुढचं काडतूस, ते भाजतो, त्याच्या पुढचा आणखी भाजतो. असं होत होत तिथं एक काळी बांगडी तयार होते. कार्बन रिंग म्हणतात तिला. बाकी बॅरल आरशासारखी दिसत असली तरी ही बांगडी असू शकते, आणि मझलकडून, म्हणजे नळीच्या पुढच्या तोंडाकडून, उजेडाला धरून बघितलं तर ती दिसतच नाही.

मी हे डोळ्यांनी बघितलेलं सांगतो. आमच्याकडची एक मुलगी, प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून, ५० मीटर मारते. तिथलं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे आपल्या हरभऱ्याच्या मोठ्या दाण्याएवढं समजा. तिचे नऊ छान लागायचे आणि दहावा कुठंतरी आठात. पोरगी रडकुंडीला आली, श्वास चुकतोय, ट्रिगर चुकतोय, रात्र रात्र जागून डायरी लिहायची. वडील म्हणाले सर, बॅरलच बदलू का, कर्ज काढतो. मी म्हटलं दादा थांबा. राउंड चेंबरमध्ये घालताना शेवटी अंगठ्याला थोडा अडखळा लागायचा, तिला पण तो जाणवायचा पण तिला वाटायचं असंच असतं. बोअरस्कोप, म्हणजे नळीच्या आत बघायचा बारीक कॅमेरा, घातला. आटे सुरू होण्याच्या तोंडाशी काळी, चकचकीत, कडेला खडबडीत अशी गोल पट्टी. गोळी त्या पट्टीतून घुसताना तिचं मेण खरवडलं जात होतं, मऊ शिसं कधी एका बाजूनं दबत होतं. श्वासाचा काही संबंध नव्हता.

ती रिंग काढायला आम्हाला तीन संध्याकाळी लागल्या, आणि त्यातला बराचसा वेळ आम्ही नुसते बसलो होतो. कारण भाजलेला कार्बन हा सॉल्व्हंटला लगेच दाद देत नाही, द्रव त्याच्या फटीत शिरून त्याला पोलादापासून सुटं करायला वेळ मागतो. रायफल क्लिनिंग स्टँडवर आडवी, मझल थोडं खाली, म्हणजे ओघळ ट्रिगरकडं आणि लाकडी स्टॉककडं येणार नाही. चेंबरमध्ये बोअर गाइड, म्हणजे रॉड मधोमध चालतो. कार्बन सॉल्व्हंटमध्ये भिजवलेली पॅच, म्हणजे कापडाची चिंदी, त्या जागेपर्यंत नेऊन तिथंच ठेवायची, वीस मिनिटं हात लावायचा नाही. मग नायलॉनचा ब्रश, चेंबरच्या मापाचा, छोट्या रॉडवर लावून, हातानं हळू गोल फिरवायचा. हातानं. ड्रिल मशीनला ब्रश लावलेला मी बघितलाय, हात जोडून सांगतो, ते करू नका, तिथले आट्यांचे कोपरे एकदा गोल झाले की कुठलाही मेकॅनिक परत धारदार करून देत नाही. मग पॅच, बघा किती काळं आलं, परत भिजवा. पहिल्या दिवशी डांबरासारखं आलं, दुसऱ्या दिवशी चॉकलेटी, तिसऱ्या दिवशी शेवटी जेबी पेस्टचा, म्हणजे बारीक घासणाऱ्या मलमाचा, अगदी हलका हात, फक्त त्या बांगडीपुरता, आणि मग सॉल्व्हंटच्या ओल्या पॅचनी पेस्टचा कण न कण धुऊन काढला. पेस्ट हे औषध आहे, रोजचा साबण नाही.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या, प्रत्येक घाणीला वेगळं औषध आहे. मोठ्या बोअरच्या, म्हणजे .२२ पेक्षा मोठ्या नळीच्या, रायफलमध्ये गोळीवर तांब्याचं कवच असतं, ते तांबं काढायला अमोनियावालं सॉल्व्हंट, पॅच निळीहिरवी येते. ते कार्बनवर चालत नाही. आणि .२२ मध्ये साध्या शिशाच्या गोळ्या मारत असाल तर तांबंच नाही, मग अमोनिया कशाला घालता, उगाच जास्त वेळ राहिला तर पोलादालाच खाईल. शिवाय ब्रश ब्राँझचा असेल तर निळा रंग ब्रशमधूनच येतो आणि माणूस रात्रभर तांबं शोधत बसतो. मोठ्या बोअरमध्ये तर तांबं आणि कार्बन थरावर थर बसतात, तिथं आधी कार्बनवालं, पुसून मग तांब्यावालं, परत कार्बनवालं, असं आलटून पालटून चालावं लागतं. आणि तिथं रिंग झाली तर प्रश्न नुसत्या स्कोअरचा नाही, प्रेशर वाढतं, बोल्ट उचलताना जड लागतो. तसं झालं तर फायरिंग तिथंच थांबवा.

इथं जुने पोलीसवाले काका बसलेत, त्यांना जुन्या .३०३ रायफलच्या बॅरलमध्ये उकळतं पाणी ओतायचे ते आठवत असेल. ते बरोबरच होतं, त्या काळच्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं, जळल्यावर मिठासारखा क्षार राहायचा, तो हवेतली ओल ओढून बॅरल गंजवायचा, आणि क्षार पाण्यातच विरघळतो. पण त्या पाण्यानं कार्बन गेला असं कुणी समजू नये. एनसीसीवाल्यांना पुल-थ्रू, म्हणजे चिंदी बांधून बॅरलमधून ओढायची दोरी, माहितीय, चिंदी ४ बाय २ इंचाची साफ करायला आणि ४ बाय दीड तेलाला. दोरी सरळ ओढली तर ठीक, तिरकी ओढत राहिलं तर मझलची कडा एका बाजूनं झिजते, आणि गोळी शेवटचं ज्याला शिवते ती जागा तीच. मी स्वतः कॉलेजात असताना तुकडे जोडायचा अल्युमिनियमचा रॉड मझलकडून घालून दोन वर्षं एक रायफल घासली. त्या रायफलनं नंतर कधी नीट ग्रुप दिला नाही, म्हणजे गोळ्या कधी एका जागी लागल्या नाहीत. म्हणून आज रॉड एकसंध, कोटिंगवाला, चेंबरकडूनच आत, आणि प्रत्येक फेरीला रॉड पुसायचा. ब्रश पूर्ण बाहेर निघेपर्यंत बॅरलच्या आत उलटा फिरवायचा नाही.

कापडाचं म्हणाल तर आपल्या सोलापुरात कापडाला काय तोटा आहे. पण टॉवेलचा तुकडा घेऊ नका, त्याचे लूप सुटतात आणि धागा नेमका चेंबरच्या तोंडाशी अडकतो. जुनं मऊ सुती धोतर सगळ्यात उत्तम. नवं कापड असेल तर खळ धुऊन काढा.

आता बसूच नये म्हणून काय, तर आईचा राखेचा लेप. प्रॅक्टिस संपली की रेंजवरच, बॅरल कोमट आहे तोवर, चेंबरच्या पुढच्या तोंडाला दोन ओल्या पॅच आणि एक कोरडी. पाच मिनिटं. घरी जाऊन, जेवून, उद्या करू म्हटलं की तो थर थंड होऊन धरला. किती राउंड झाले ते वहीत लिहा. कंपनी बदलली, एलीवरून दुसऱ्या कुठल्या काडतुसावर गेलात, तर आधी साफ करा, दोघांचं मेण वेगळं असतं. पूर्ण साफ केल्यावर पहिले दहावीस राउंड इकडंतिकडं जातील, घाबरू नका, बॅरलमध्ये परत मेणाचा पातळ हात बसायला तेवढे लागतात, म्हणून मॅचच्या आदल्या रात्री चकचकीत करायचा मोह आवरा.

एक ताई विचारतायत, मुलाची १० मीटरची एअर रायफल आहे, तिलाही हे सगळं करायचं का. नाही ताई. तिथं पावडरच नाही तर कार्बन कुठला, फक्त शिशाची पूड, त्याला फेल्टचे पेलेट मारले की झालं. सॉल्व्हंट घालू नका, सीलं खराब होतील. २०२४ ला पॅरिसमध्ये आपल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेंनी ब्राँझ घेतलं ते ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून मारायच्या प्रकारात, ती रायफल .२२ ची. तेव्हापासून एअरमधून .२२ ला येणारी पोरं वाढलीत, आणि साफसफाई मात्र एअरचीच करतात, म्हणून आज एवढं बोललो.

पावसाळ्याचं कुणीतरी विचारलं. उन्हाळ्यात आपली हवा एवढी कोरडी की गंजाचा विचार येत नाही, जूनमध्ये एकदम दमट होते. फोमच्या कव्हरमध्ये रायफल महिनाभर ठेवू नका, फोम ओल धरतो, आणि राहिलेल्या कार्बनखाली ओल शिरली की तिथं बारीक खड्डे पडतात, ते कुठल्याच पेस्टनं जात नाहीत. साफ करून तेलाचा अगदी पातळ हात, मझल खाली करून ठेवा, आणि फायर करायच्या आधी बॅरल आणि चेंबर दोन्ही कोरड्या पॅचनं पुसून घ्या, चेंबरमध्ये तेल राहता कामा नये.

बोअरस्कोप चालू आहे. या रायफलमध्ये थोडी रिंग मुद्दाम ठेवलीय, काढलेली नाही. एकेक करून या, आधी ज्यांच्या स्वतःच्या .२२ आहेत ते.