पाण्यात परतण्याआधी आपली फाइल वाचा

नमस्कार. माझे कॅन्सरचे उपचार संपले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आता सगळं सुरू करा." त्या 'सगळं'मध्ये स्कूबा डायव्हिंग येतं का, हे विचारायचं मला धाडसच झालं नाही. नकार ऐकायची भीती होती. तुमच्यातले काही जण आज तीच भीती घेऊन बसले असतील, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

कॅन्सर गेला, ही मोठी गोष्ट आहेच. पण पाण्याखाली उतरणाऱ्यानं आणखी एक विचारायला हवं: उपचारांनी शरीरात काय मागे ठेवलं? त्याचं उत्तर तुमच्या फाइलमध्ये असतं. मला हॉजकिन लिम्फोमा होता आणि एबीव्हीडी नावाची केमो दिली गेली. ही चार औषधांची आद्याक्षरं. कित्येक महिने ती माझ्या डोळ्यांसमोर होती, पण त्यातलं 'बी' म्हणजे ब्लिओमायसिन आणि त्याचा डायव्हिंगशी इतका जवळचा संबंध आहे, हे मला फार उशिरा कळलं. वृषणाच्या कॅन्सरसाठी देतात त्या बीईपीमधला 'बी'सुद्धा हाच.

ब्लिओमायसिनमुळे काही जणांच्या फुफ्फुसांना इजा होते, ती जाड आणि ताठर होतात. अशा माणसाला जास्त ऑक्सिजन मिळाला तर ही इजा उफाळून येईल, अशी शंका भूलतज्ज्ञ गेली अनेक दशकं बाळगून आहेत. आता पाण्याखालचं गणित पाहा. टाकीत साधी हवा, ऑक्सिजन 21 टक्के. पण 30 मीटरवर दाब चौपट होतो आणि ऑक्सिजनचा आंशिक दाब, म्हणजे एकूण दाबातला त्याचा वाटा, 0.84 बारवर जातो (1 बार म्हणजे साधारण जमिनीवरचा हवेचा दाब). जमिनीवर 84 टक्के ऑक्सिजन घेत बसावं, तसंच हे. नायट्रॉक्स, म्हणजे जादा ऑक्सिजन मिसळलेली हवा, असेल तर त्याहून जास्त.

मला झोप लागू दिली नाही ती पुढच्या गोष्टीनं. समजा डीकम्प्रेशन सिकनेस झाला, म्हणजे वर येताना शरीरात वायूचे बुडबुडे तयार झाले. प्रथमोपचार काय, तर 100 टक्के ऑक्सिजन. मग चेंबर, म्हणजे दाब वाढवता येणारी बंद खोली; तिथे नेहमीच्या उपचारात 2.8 बार दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन देतात. म्हणजे जीव वाचवणारा उपायच आपल्यासाठी जोखमीचा! म्हणून काही डायव्हिंग-डॉक्टर अशा माणसाला कायमची मनाई करतात, तर काही जण पुरेसा काळ गेल्यावर आणि तपासण्या चोख आल्यावर परवानगी देतात. मतभेद प्रामाणिक आहेत. पण हवं ते उत्तर मिळेपर्यंत डॉक्टर बदलत राहू नका, ही माझी कळकळीची विनंती.

तपासण्या म्हणजे नुसता एक्स-रे नव्हे. फुंकून फुफ्फुसांची ताकद मोजणारी स्पायरोमेट्री, फुफ्फुसातून रक्तात वायू किती सहज जातो ते मोजणारी डीएलसीओ, आणि गरज पडली तर एचआरसीटी, म्हणजे फुफ्फुसांचा बारकाईनं केलेला सीटी स्कॅन. छातीला रेडिएशन घेतलेल्यांनाही हे लागू आहे. व्रण पडलेल्या भागात हवा अडकून राहू शकते. 10 मीटरवरून पृष्ठभागावर येताना तीच हवा दुप्पट फुगते. ती फुफ्फुस फोडून रक्तात शिरली तर थेट मेंदूपर्यंत पोचू शकते.

'ए' म्हणजे अ‍ॅड्रियामायसिन, हृदयाचे स्नायू दुबळे करू शकणारं, कधी कधी कित्येक वर्षांनी. पाण्यात शिरल्यावर पायांतलं रक्त छातीकडे सरकतं आणि हृदयावर ताण येतो. टू-डी इको आणि ट्रेडमिल टेस्ट त्यासाठीच. 'व्ही' म्हणजे व्हिनब्लास्टिन, बोटं बधिर करू शकणारं; सिसप्लॅटिन, पॅक्लिटॅक्सेल घेतलेल्यांना हा त्रास चांगलाच ठाऊक असतो. 'डी' म्हणजे डकार्बाझिन, त्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

बाकीचं थोडक्यात. केमो पोर्ट, म्हणजे औषध देण्यासाठी बसवलेली छोटी डबी, त्वचेखाली असेल आणि जखम पूर्ण भरली असेल तर बहुतेक वेळा अडचण येत नाही. नळी शरीराबाहेर असेल तर पाणी बंद. काखेतल्या लसिका गाठी काढलेल्यांचा हात सुजू शकतो, म्हणून त्यांनी टाकी दुसऱ्याला उचलू द्यावी आणि त्या हाताला प्रवाळाचा ओरखडासुद्धा येऊ नये, याची काळजी घ्यावी. फिट येण्याचा धोका असेल तर खाली उतरू नये. पाण्याखाली फिट आली आणि तोंडातला रेग्युलेटर, म्हणजे श्वास घ्यायचं साधन, सुटला, की माणूस बुडतो.

आणि डायव्हिंगआधी भरायचा, जुने आजार विचारणारा तो वैद्यकीय फॉर्म. 'नाही' वर खूण केली की पाच मिनिटांत पाण्यात उतरता येतं. माझंही पेन एकदा त्या चौकटीवर टेकलं होतं. पण आपण लपवलं तर आपल्याला वर ओढून आणणाऱ्या बडीला, म्हणजे पाण्यातल्या जोडीदाराला, आपण अंधारात ठेवतो, हे मनात आलं आणि मी पेन खाली ठेवलं.

परवानगी मिळाली, तेव्हा आधी तलावात उतरलो. वजन बदललं होतं, त्यामुळे खाली जाण्यासाठी कमरेला बांधायचं शिसं नव्यानं जुळवावं लागलं. मग समुद्रात, फक्त 6 मीटर. उतरण्याआधी बडीनं माझ्या हातांचं चित्र काढून बधिर जागा रंगवल्या होत्या, कारण मुंग्या येणं हे डीकम्प्रेशन सिकनेसचंही लक्षण असतं आणि जुनं कुठलं, नवं कुठलं हे नंतर सांगता यायला हवं. खाली ब्लिओमायसिनचं नाव आणि शेवटच्या डोसची तारीख लिहून तो कागद ऑक्सिजनच्या पेटीत ठेवला होता. चेंबरमधल्या डॉक्टरांना ते समजावं म्हणून; गरज पडली तर ऑक्सिजन रोखायचा नाही, हेही आमचं आधीच ठरलं होतं.

वर आलो. मास्क काढायच्या आधीच बडीनं विचारलं, "किती बोटं?"

"दोनच. डाव्या हाताची. जुनीच."

तिनं कागद काढला, ताडून पाहिला आणि पुन्हा पेटीत ठेवला.