आदी बोटां घे

(पडद्यावर: घरासमोरचं खळं. पायरीवर बसलेली बाई, दोन्ही हात पदराखाली.)

ही माझी आते. वेंगुर्ल्याच्या बाजूला वाडीत राहते. मी कॅमेरा काढला की हिचे हात पदराखाली गेलेच समजा. बाकी कशाला ना नाही, गजाली सांगायला बसली की संध्याकाळ होईल, पण हात दाखवणार नाही. अठ्ठावीस वर्षं काजूच्या फॅक्टरीत काढली तिने. चिकाने बोटं काळी पडलेली, नखांच्या कडांना तर कायमचीच, आणि चवथीला मोदक वळताना चार पाहुण्यांच्या डोळ्यांत येतात म्हणून दोन दिवस आधीपासून लिंबू चोळत बसायची, हे मी लहानपणापासून बघत आलेय.

काजूगर आपण मूठभर तोंडात टाकतो, पण तो कसा निघतो ते सांगते. बी आधी वाफवतात, मग कटरवर फोडतात. बी पात्यात धरायची, पायाने पेडल दाबायचं, टरफल उघडतं आणि आतला चीक उडतो. हा चीक कातडी जाळतो, म्हणून हाताला तेल नाहीतर राख चोळून बसायचं. मग गर भट्टीत सुकवायचा आणि मग सोलणं. सुरीच्या टोकाने तांबूस साल अशी काढायची की गर अख्खा राहिला पाहिजे. जरा दाब जास्त पडला की झाला तुकडा, आणि तुकडा वेगळ्या टोपलीत जातो, वजन वेगळं, भाव वेगळा. अख्ख्या गरांचे परत नंबर असतात, एका पौंडात ३२० बसले की ३२० नंबर, २४० बसले की २४०, म्हणजे गर जितका मोठा तितका नंबर लहान आणि पैसा जास्त.

आता हा गर अख्खा राहणार की तुटणार हे सगळं त्या बाईच्या बोटांवर. आणि आतेच्या नावापुढे रजिस्टरात काय लिहिलेलं असायचं? अकुशल.

ती एकदा सहज बोलून गेली, "काजूक ग्रेड असा, आमका खय असा?"

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून मी कामकरी बायकांवरचे, त्यांच्या संपांवरचे सिनेमे शोधून शोधून बघायला लागले.

(पडद्यावर: शिलाई मशीनची सुई, संथ गतीत.)

पहिला बघितला 'मेड इन डॅगनहॅम', २०१०चा. गोष्ट खरी आहे, १९६८ची, लंडनजवळचा फोर्डचा कारखाना, तिथे गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या १८७ बायका मशीनं बंद करून बाहेर आल्या. कशावरून? तर त्यांचं काम खालच्या ग्रेडमध्ये टाकलं होतं, कमी कौशल्याचं म्हणून, आणि वर त्या ग्रेडच्या पुरुषांनाही जेवढं मिळायचं त्याच्या ८५ टक्केच यांना. मी पॉज करून आतेला हाक मारली, म्हटलं बघ, तुझंच भांडण आहे हे. तीन आठवडे संप चालला, सीट नाहीत तर गाडी कशी बाहेर पडणार, मंत्रीबाई बार्बरा कॅसल मध्ये पडल्या, पगार ९२ टक्क्यांपर्यंत आला, पुढे १९७०ला समान वेतनाचा कायदा झाला. मोठी जीतच ती. पण ज्याच्यासाठी उठल्या होत्या ते, म्हणजे आमचं काम कुशल आहे हे कागदावर मान्य व्हायला १९८४ उजाडलं, आणि तेही परत एक संप करून. सोळा वर्षं! मला विचाराल तर खरा सिनेमा त्या सोळा वर्षांचा व्हायला हवा होता.

दुसरा १९५४चा, 'सॉल्ट ऑफ द अर्थ'. अमेरिकेतली जस्ताची खाण, संपावर गेलेले खाणकामगार, आणि कोर्टाचा हुकूम येतो की खाणकामगारांनी निदर्शनं करायची नाहीत. बायकांबद्दल हुकमात एक अक्षर नाही, मग बायकाच रस्ता अडवून उभ्या राहतात. पण मला जास्त लागलं ते त्याच्या आधीचं. या बायका म्हणत असतात की घरात गरम पाणी नाही, मोऱ्या नाहीत, ही पण मागणी लिहा, आणि युनियनचे पुरुष म्हणतात हो हो, ते नंतर बघू. हे 'नंतर बघू' मी इकडे किती मीटिंगांमध्ये ऐकलंय. सिनेमात बहुतेक सगळे खरे कामगार आणि त्यांची घरची माणसं आहेत, नायिकेचं काम करणाऱ्या रोसौरा रेव्हुएल्टास यांना तर शूटिंग चालू असतानाच अटक करून मेक्सिकोला परत पाठवलं.

(पडद्यावर: जुनी लाकडी ट्रंक, आत घडी केलेले कपडे.)

आता आपल्याकडे येऊ. १८ जानेवारी १९८२, मुंबईतला गिरणी संप, अडीच लाखांच्या आसपास कामगार. त्यातले कितीतरी आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातले चाकरमानी. माझे काका त्यातलेच, महिने जात गेले, काही सुटेना, मग ट्रंक घेऊन गावी आले आणि ओटीवर बसून राहिले. मनीऑर्डर बंद. त्याच पावसाळ्यानंतर आते पहिल्यांदा काजूच्या फॅक्टरीत गेली. संपाची गोष्ट घरात निघाली की काकांची निघते, लाल झेंडे, मोर्चे, मीटिंगा, आणि निघायलाच पाहिजे, ते सोसलंय त्यांनी. पण त्या संपात चूल कोणी पेटती ठेवली? कोकणावरच्या सिनेमात समुद्र येतो, माड येतात, भुतं येतात, गणपतीला येणारे मुंबईकर येतात, पण सकाळी आठला डबा घेऊन पायवाटेने भट्टीकडे निघालेल्या बायांची रांग मला अजून दिसलेली नाही.

म्हणून मला निपाणीची फिल्म फार मोलाची वाटते. निपाणी काही लांब नाही, आंबोली घाट चढायचा, आजरा-गडहिंग्लज करत पुढे जायचं. तिथल्या तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायकांनी युनियन बांधली होती, आणि १९८२मध्ये युगांतर नावाच्या गटाने त्यांच्यावर फिल्म केली, 'तंबाखू चाकीला ऊब आली'. दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव, नवरोज काँट्रॅक्टर हे त्या गटातले लोक. याच गटाची आधीच्या वर्षीची 'मोलकरीण', पुण्यातल्या घरकाम करणाऱ्या बायकांवरची, तीही बघा. निपाणीत ही मंडळी चार महिने त्या बायकांबरोबर राहिली, ऐकत राहिली, आणि काय शूट करायचं, कसं करायचं ते बायकांनी सांगितलं. वखारीत आधी कॅमेरा कधी गेलाच नव्हता. त्या धुरळ्यात तोंडाला फडकं बांधून काम करणाऱ्या बायका बघताना आपल्यालाच खोकला येतो.

ती फिल्म मी आमच्या खळ्यात लावली, भिंतीला चादर बांधून. आठ-नऊ बायका आल्या, सगळ्या आतेच्या वेळच्या. भाषा कळत होती, त्यामुळे मला काहीच समजावायला लागलं नाही. सुरुवातीला बोलत होत्या, मग एकदम गप्प. मी मागे वळून बघितलं तर आतेचे हात मांडीवर होते, पदराच्या बाहेर, आणि अंगठा-तर्जनी हळूहळू हलत होती, सोलल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रायपॉड लावला. ती येऊन पायरीवर बसली, दोन्ही हात उजेडात पुढे धरले.

"आदी बोटां घे माझी," म्हणाली, "तोंड मगे घे."