किल्ली खरी, पण अंतर?

नमस्कार श्रोतेहो.

किल्ली खिशात किंवा पर्समध्ये, दोन्ही हातांत सामान. दाराच्या हँडलला हात लावला की कुलूप उघडतं. आत बसायचं, ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबायचं, की गाडी सुरू. पूर्वी ही चैन महागड्या गाड्यांपुरती होती; आता स्विफ्ट, बलेनो अशा गाड्यांच्या वरच्या मॉडेलांतही ती मिळते. सोय उत्तमच आहे. पण ज्यांच्या दारात अशी गाडी उभी असते, त्यांना ती आपल्याला कशी ओळखते हेही ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं. कारण त्या ओळखण्यात एक उणीव आहे आणि चोरांना ती केव्हाच कळली आहे.

थोडं मागे जाऊ. साध्या धातूच्या किल्लीचं सगळं रहस्य तिच्या दातांत. दात जुळले की कुलूप उघडलं. नाक्यावरचा किल्लीवाला तशी दुसरी किल्ली थोड्या वेळात घासून देतो. म्हणून किल्लीत दातांपलीकडचं काहीतरी असावं, हा विचार पुढे आला. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९८६च्या कॉर्व्हेटच्या किल्लीत एक छोटा रेझिस्टर, म्हणजे विजेच्या प्रवाहाला ठरावीक अडथळा करणारा भाग, बसवला. त्या अडथळ्याची मूल्यं १५ प्रकारची. गाडीला हवं तेच मूल्य मिळालं नाही तर इंजिन सुरू होत नसे. पंधराच पर्याय, म्हणजे अडथळा फार मोठा नव्हता, पण दिशा बरोबर होती.

त्या दिशेचं पुढचं पाऊल म्हणजे इमोबिलायझर. किल्लीच्या प्लास्टिकच्या डोक्यात एक बारीक चिप असते. तिला बॅटरी लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचं एक वेटोळं असतं, त्याच्या चुंबकीय क्षेत्रातून चिपला ऊर्जा मिळते आणि ती आपली ओळख पटवते. ओळख पटली नाही तर इंजिन पेटत नाही, मग दात कितीही हुबेहूब घासलेले असोत. युरोपीय संघात १९९८पासून नव्या गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा झाला. कॅनडातही २००७मध्ये तसा नियम आला. अमेरिकेत मात्र सक्ती नव्हती.

याचा परिणाम अमेरिकेत २०२१-२२च्या सुमारास दिसला. किया आणि ह्युंदाईच्या किल्लीने सुरू होणाऱ्या कितीतरी गाड्यांत तिथे ही चिप बसवलेलीच नव्हती. स्टिअरिंगखालचं आवरण काढायचं आणि यूएसबी केबलच्या टोकाने कुलूप फिरवायचं, एवढ्यावर गाडी सुरू होई. पोरांनी त्याचे व्हिडिओ समाजमाध्यमांवर टाकले आणि चोऱ्यांची लाट आली. काही पोरांचा त्या चोरलेल्या गाड्यांच्या अपघातांत जीवही गेला. शेवटी २०२३मध्ये कंपन्यांना सुमारे ८३ लाख गाड्यांसाठी सॉफ्टवेअरची दुरुस्ती जाहीर करावी लागली. शेजारच्या कॅनडात नियमामुळे चिप होती, म्हणून तिथल्या गाड्या या युक्तीला बळी पडल्या नाहीत. एका लहानशा चिपचं मोल यापेक्षा स्पष्ट दुसरं कशातून दिसेल असं मला वाटत नाही.

रिमोटबद्दल थोडक्यात सांगतो. बटण दाबलं की युरोपात आणि आपल्याकडे साधारण ४३३ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींवर एक सांकेतिक आकडा जातो. तो दर वेळी बदलतो, त्यामुळे आजचा आकडा कोणी टिपून ठेवला तर उद्या सहसा कामाला येत नाही. मात्र गर्दीच्या पार्किंगमध्ये कोणी त्याच लहरींवर गोंगाट पेरला, तर तुमचा ‘बंद हो’ हा निरोप गाडीपर्यंत पोचतच नाही. तुम्ही चालता चालता बटण दाबून निघून जाता आणि दार उघडं राहतं. इंडिकेटर चमकले का, कुलपाचा खटका वाजला का, हे पाहून आणि ऐकूनच गाडीपासून हला.

आता खिशातल्या किल्लीकडे येऊ. मर्सिडीजने १९९८मध्ये एस-क्लास गाडीत ही पद्धत आणली. हँडलला हात लागताच गाडी सुमारे १२५ किलोहर्ट्झवर एक मंद हाक देते. ही हाक मुद्दामच मीटर-दोन मीटरपलीकडे जात नाही. किल्लीने ती ऐकली की ती गाडीच्या प्रश्नाचं सांकेतिक उत्तर पाठवते आणि हे उत्तर बऱ्याच लांबवर पोचतं. उत्तर बरोबर आलं की दार उघडतं. म्हणजे गाडी धरून चालते की किल्लीला हाक ऐकू आली त्या अर्थी ती जवळच आहे. अंतर ती मोजत नाही, ते गृहीत धरते.

उणीव आहे ती इथे. गडाच्या दरवाजावर पहारेकऱ्याने परवलीचा शब्द विचारावा आणि परक्या माणसाने तो प्रश्न दूर झोपलेल्या गडकऱ्यापर्यंत पोचवून त्याचंच खरं उत्तर आणून द्यावं, तसा हा प्रकार. एक चोर गाडीपाशी उभा राहतो, दुसरा तुमच्या घराच्या दारापाशी. गाडीची मंद हाक पहिल्याच्या यंत्रातून दुसऱ्याच्या यंत्राकडे जाते आणि तिथून मोठी होऊन आत खुंटीला लटकलेल्या किल्लीपर्यंत पोचते. किल्ली इमानेइतबारे उत्तर देते. दार उघडतं, बटण दाबलं की इंजिनही सुरू होतं. एकदा सुरू झालेलं इंजिन किल्ली लांब गेली म्हणून बंद पडत नाही, कारण चालत्या रस्त्यात ते बंद पडणं जास्त धोक्याचं. नुसती सूचना वाजत राहते.

झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी २०११मध्ये ८ कंपन्यांची १० मॉडेलं अशा रीतीने तपासली. दहाच्या दहा उघडली आणि सुरू झाली. किल्ली ५० मीटर लांब, मध्ये भिंती असतानाही. सांकेतिक भाषा कितीही पक्की असो, इथे तिचा काही उपयोग होत नाही, कारण कोणी ती फोडतच नाही. खरा प्रश्न आणि खरं उत्तर नुसतं इकडून तिकडे वाहून नेलं जातं. त्या निष्कर्षांनंतरही कितीतरी वर्षं कंपन्या तशाच किल्ल्या विकत राहिल्या, याचा मला राग येतो.

यावर खरा उपाय अंतर मोजण्याचाच, आणि तो आता आला आहे. अल्ट्रा-वाइडबँड नावाच्या पद्धतीत गाडी आणि किल्ली, किंवा गाडी आणि फोन, अतिशय आखूड रेडिओ-स्पंदनं एकमेकांना पाठवतात आणि जाण्यायेण्याचा वेळ मोजतात. सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागात प्रकाश साधारण ३० सेंटिमीटर जातो, म्हणून अंतर काही सेंटिमीटरांच्या चुकीने कळतं. चोराने संदेश मध्ये वाहून नेला तर त्याला वेळ जास्तच लागणार, कमी कधीच नाही. प्रकाशापेक्षा वेगाने निरोप नेणारं यंत्र कोणाकडे नाही. मला या उपायाचं फार कौतुक वाटतं. इथे राखण खुद्द निसर्गनियम करतो. आणखी एक प्रकार एनएफसीचा. यात फोन किंवा कार्ड हँडलला अगदी टेकवावं लागतं. आपल्याकडे ह्युंदाईच्या २०२४च्या अल्काझारमध्ये तशी सोय आली. फोन खिशात ठेवून नुसत्या ब्लूटूथवर दार उघडत असेल तर मात्र सावध राहा. २०२२मध्ये टेस्लाची गाडी अशाच निरोप वाहण्याच्या युक्तीने उघडून दाखवण्यात आली होती.

तुमची गाडी आधीच्या पद्धतीची असेल तर हे करा. किल्ली दाराशेजारच्या खुंटीला लावू नका, आतल्या खोलीत ठेवा. लहरी अडवणारी पिशवी बाजारात मिळते. ती घेतलीत तर तपासून घ्या: किल्ली पिशवीत घालून गाडीजवळ उभे राहा आणि हँडलला हात लावा. दार उघडलं तर ती पिशवी कुचकामी. स्टीलच्या डब्याचीही अशीच परीक्षा घ्या. काही किल्ल्या बराच वेळ हलल्या नाहीत की आपोआप झोपी जातात. तुमची तशी आहे का, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारा.

किल्लीतली बॅटरी संपली म्हणून घाबरू नका. बाजूची कळ सरकवली की बहुतेक किल्ल्यांतून धातूचं पातं बाहेर येतं, त्याने दार उघडतं. मग किल्ली बटणाला टेकवून गाडी सुरू करता येते, कारण आतल्या चिपला बॅटरी लागतच नाही. नेमकी कुठे टेकवायची ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. आजच पाहून ठेवा.

दुसरी किल्लीही जपून ठेवा. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. आणि जुनी गाडी विकत घेत असाल, तर सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन तिच्या स्मृतीत किती किल्ल्या नोंदलेल्या आहेत ते विचारा. तुमच्या हातात दोन आणि नोंदी तीन असतील, तर तिसरी नोंद तिथल्या तिथे पुसून घ्या, मगच गाडी घरी न्या.

नमस्कार.