रंगाआधी भिंत

श्रोतेहो, नमस्कार.

घराला बाहेरून रंग द्यायचा ठरलं की पहिली चर्चा होते ती शेडची. शेड कार्ड उघडलं जातं, कुणाला पिवळट हवा असतो, कुणाला राखाडी, आणि त्या वादात आठ-दहा दिवस सहज जातात. जाऊ द्यावेत. गिलावा केलेल्या भिंतीच्या बाबतीत घाई करण्यासारखं काहीच नसतं. रंग टिकणार की त्याचे पोपडे निघणार, हे ठरवतं भिंतीतलं पाणी, आणि त्याची शेड कुठल्याच कार्डावर नसते. आज बोलायचं आहे ते मुख्यतः या पाण्याबद्दल.

आधी नवा गिलावा घेऊ. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतं. म्हणून गिलावा केल्यावर निदान 7 दिवस भिंतीवर पाणी मारायचं असतं. जे पाणी आपणच आवर्जून पाजलं, ते बाहेर पडायलाही वेळ द्यायला नको का? निदान 28 दिवस तरी थांबावं, असा साधारण हिशेब आहे. हवा थंड आणि दमट असेल किंवा गिलाव्याचा थर जाड असेल, तर त्याहूनही जास्त. भिंतीला हात लावून "कोरडी आहे की!" असं म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. हाताला फक्त वरचा पापुद्रा कळतो.

खरी परीक्षा फार सोपी आहे. जाड, पारदर्शक प्लास्टिकचा अर्धा मीटर लांब-रुंद तुकडा घ्या आणि चारही कडा चिकटपट्टीने भिंतीला पक्क्या बंद करा. दुसऱ्या दिवशी पाहा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला बारीक थेंब धरले असतील किंवा त्याखालचा गिलावा आजूबाजूपेक्षा गडद दिसत असेल, तर भिंत अजून पाणी सोडते आहे. ही परीक्षा एकाच जागी करू नका. एक तुकडा जोत्याजवळ लावा, एक सावलीतल्या भिंतीवर लावा.

थांबण्याचं दुसरं कारण म्हणजे अल्कली. ताज्या गिलाव्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, 12 ते 13 च्या घरात असतो, म्हणजे तो तीव्र अल्कलीयुक्त असतो. अशा भिंतीवर ऑइल पेंट मारला तर अल्कली त्यातल्या तेलाचा अक्षरशः साबण करते, रंग मऊ आणि चिकट होऊन सुटून येतो. ॲक्रिलिक इमल्शन, म्हणजे पाण्यात कालवलेला प्लास्टिकसारखा रंग, ही अल्कली बरंच सोसतं, पण त्यातली काही रंगद्रव्यं सोसत नाहीत. मग महिन्याभरात भिंतीवर फिकट ढग उमटतात आणि दोष रंगाच्या डब्याला दिला जातो. हवेतला कार्बन डायऑक्साइड गिलाव्यातल्या चुन्यात मुरत जातो, तशी पृष्ठभागावरची अल्कली हळूहळू उतरते. तरीही नव्या गिलाव्यावर अल्कली सोसणारा प्रायमर हवाच. खर्च वाचवायचा म्हणून सगळ्यात आधी काट मारली जाते ती नेमकी प्रायमरवर. एक वेळ वरचा रंग थोडा स्वस्तातला घ्या, पण प्रायमर चुकवू नका.

आता जुनी भिंत. जुन्या भिंतीवर पांढरी भुकटी फुललेली दिसते, तो लोणा. पाण्यात विरघळलेले क्षार पाण्याबरोबर बाहेर येतात, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. रंगाच्या थरामागे त्यांचे स्फटिक धरू लागले की ते रंगाला आतून ढकलतात आणि पोपडे सुटतात. लोणा धुऊन काढण्याचा मोह होतो, पण धुतला की तो विरघळून पुन्हा भिंतीतच जातो. कोरड्या ब्रशने झाडायचा, काही दिवसांनी पुन्हा पाहायचं, आला तर पुन्हा झाडायचा. नव्या गिलाव्यावर हळूहळू तो थांबतो. जुन्या भिंतीवर थांबतच नसेल, तर पाणी कुठूनतरी येतं आहे, आणि ते शोधल्याशिवाय ब्रश हातात घेण्यात अर्थ नाही.

शोधायचं कसं? ओलीच्या डागाचा आकार पाहायचा. जोत्यापासून वर मीटरभर उंचीपर्यंत आडवा पट्टा असेल, तर जमिनीतली ओल चढते आहे किंवा अंगणातली माती भिंतीला टेकली आहे. उभा पट्टा असेल, तर त्याच्या मागे किंवा वर पाइप शोधा. डाग वरून खाली उतरत असेल तर गच्चीचा कठडा पाहा, त्याच्या माथ्याला हमखास भेग असते.

आणि डाग खिडकीच्या खाली असेल, तर खिडकीचा बाहेर आलेला ओटा खालून चाचपून पाहा. चांगल्या गवंड्याने तिथे बोटभर रुंदीची एक खाच ठेवलेली असते. ओट्यावरून ओघळणारं पाणी त्या खाचेशी अडतं आणि भिंतीपर्यंत न पोचता खाली ठिबकतं. दर खेपेला रंगारी त्या खाचेत थोडी पुट्टी, थोडा रंग भरत जातो, कारण ती खाच कशासाठी आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. दोन-तीन रंगकामांनंतर खाच बुजते आणि पाणी निवांत भिंतीवरून उतरू लागतं. पातळ पात्याच्या खरवडणीने ती मोकळी करायला फार वेळ लागत नाही. ओलीवरचे महागडे उपाय करण्याआधी एवढं जरूर करा.

महागड्या उपायांचा विषय निघालाच आहे, तर वॉटरप्रूफ रंगांबद्दल स्पष्ट बोलतो. जाड, रबरासारखे ताणले जाणारे हे रंग बाहेरून येणारा पाऊस चांगला अडवतात. बारीक केसासारख्या भेगाही झाकतात. पण ओल भिंतीच्या आतून येत असेल, तर असा रंग देणं म्हणजे ओल्या अंगावर रेनकोट चढवणं. पाणी आतच कोंडतं आणि रंगाला फोड येतात. एखादा फोड टाचणीने फोडून पाहा, आतून पाणी येईल.

चुन्याच्या गिलाव्याच्या जुन्या घरांना हा त्रास सर्वांत जास्त होतो, कारण त्या भिंती वाफ आत-बाहेर सोडतच टिकलेल्या असतात. त्यांना चुन्याचा रंगच बरा, किंवा सिलिकेट रंग. पोटॅशियम सिलिकेटचा हा रंग जर्मनीत आडोल्फ विल्हेल्म काइम यांनी विकसित केला आणि 1878 साली त्याचं पेटंट घेतलं. तो भिंतीवर प्लास्टिकसारखा पापुद्रा धरत नाही, गिलाव्याशीच रासायनिकरीत्या जोडला जातो आणि वाफेला वाट ठेवतो. मात्र भिंतीवर आधीचं इमल्शन असेल तर साधा सिलिकेट रंग तिथे धरत नाही.

भिंत कोरडी आहे असं ठरलं की पुढची तपासणी झटपट होते. तळहात भिंतीवरून फिरवा. हाताला पांढरी पूड लागली तर जुना रंग भुसभुशीत झाला आहे, तो घासून, धुऊन काढल्याशिवाय नवा रंग धरणार नाही. करणीच्या मुठीने गिलावा ठोकत जा. जिथे पोकळ वाजेल तिथला गिलावा सुटलेला आहे, तो पाडून पुन्हा करा. शेवाळ आणि बुरशी नुसती खरवडली तर बीजं मागे राहतात. पातळ केलेलं ब्लीच लावून थोडा वेळ ठेवा आणि मग धुवा. हातमोजे घाला, आणि ब्लीचमध्ये ॲसिड किंवा दुसरं कुठलंही क्लीनर चुकूनही मिसळू नका, विषारी वायू निघतो. घर फार जुनं असेल तर खालच्या थरांत शिसं असू शकतं. अशा वेळी कोरडं घासायचं नाही, ओलं करून खरवडायचं, तोंडाला मास्क लावायचा आणि मुलांना लांब ठेवायचं.

भेगा भरताना एवढं पाहा की भेग जागची आहे की वाढते आहे. तिच्या टोकाशी पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. काही आठवड्यांत ती खुणेच्या पुढे गेली, तर काम रंगाऱ्याचं राहिलं नाही, इंजिनिअरला बोलवा. जागच्या भेगा थोड्या रुंद करून, धूळ झटकून, बाहेरच्या वापराच्या फिलरने भरा. घरातली पुट्टी बाहेर वापरू नका, पावसाने ती मऊ पडते.

रंग किती लागेल? खडबडीत गिलावा रंग पितो. 12 मीटर लांब आणि 6 मीटर उंच भिंत म्हणजे 72 चौरस मीटर, दोन हात म्हणजे 144. भिंत गुळगुळीत असेल तर साधारण 15 लिटरमध्ये भागतं, खडबडीत असेल तर तोच आकडा 25 च्या पुढे जातो. सगळे डबे एकाच बॅचचे घ्या आणि सुरुवातीलाच मोठ्या बादलीत एकत्र ढवळा, म्हणजे भिंतीच्या मधोमध शेड बदलणार नाही. खडबडीत भिंतीला लांब केसांचा रोलर लागतो, आखूड केसांचा फक्त उंचवट्यांना रंग लावतो आणि खळगे तसेच राहतात.

उन्हात तापलेल्या भिंतीवर रंग मारू नका. वरचा थर पटकन सुकतो आणि पकड बसत नाही. सूर्य जिकडून सरकला त्या बाजूला, सावलीमागे काम सरकवत न्या. एक भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एका दमात संपवा. जेवणासाठी मध्येच थांबलात तर सुकलेल्या कडेवर नवा रंग चढतो आणि तो सांधा कायमचा दिसतो. शिडी 4 मीटर उंच टेकवली असेल तर तिचा पाय भिंतीपासून 1 मीटर लांब हवा. त्याहून उंच कामाला परांची बांधा, आणि वर जाण्याआधी विजेच्या तारा कुठून गेल्या आहेत ते पाहून ठेवा.

काम झाल्यावर दोन-चार दिवसांत पाऊस किंवा दाट दव पडलं, तर नव्या रंगावर चकचकीत, चिकट, तपकिरी ओघळ दिसू शकतात. लोक घाबरतात आणि रंगाऱ्याला धारेवर धरतात. इमल्शनमध्ये मिसळलेली, पाण्यात विरघळणारी द्रव्यं रंग पुरता पिकण्याआधी वर आलेली असतात, एवढंच. त्यावर पुन्हा रंग मारू नका. लवकरात लवकर साध्या पाण्याने भिंत हलकेच धुवा. पुन्हा दिसले तर पुन्हा धुवा, पुढच्या एक-दोन पावसांत ते यायचे थांबतात.

नमस्कार.