चिमणीतून जाणारी वीज आणि तिला लागणारं पाणी

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘जुन्या वायुविद्युत केंद्रांचं कम्बाइन्ड सायकलमध्ये रूपांतर : कधी करावं आणि कधी करू नये’. त्यातल्या ‘कधी करू नये’कडे मी येणार आहे. तिथपर्यंत वेळ पुरला नाही तर दोष अध्यक्षांचा, कारण पाऊण तास त्यांनी ठरवलाय.

समोर बहुतेक वीज खात्यातलीच माणसं दिसतायत, त्यामुळे ब्रेटन आणि रँकिनच्या, म्हणजे गॅस टर्बाइनच्या आणि वाफेच्या टर्बाइनच्या चक्रांच्या, आकृत्या काढत बसत नाही. सरळ रायगड जिल्ह्यातलं उरणचं वायुविद्युत केंद्र घेऊ. १९८२ मध्ये तिथे ६० मेगावॉटचे गॅस टर्बाइन संच आले, १९८५-८६ च्या सुमारास १०८ मेगावॉटचे चार आले. सगळे ओपन सायकल, म्हणजे टर्बाइनमधून निघालेला गरम वायू थेट चिमणीत. १०८ मेगावॉटच्या जुन्या संचाची कार्यक्षमता ३१-३२ टक्के धरा. म्हणजे १०८ मेगावॉट वीज काढायला ३४० मेगावॉटच्या आसपास उष्णता जाळायची, आणि उरलेले २३० मेगावॉट पाचशे अंशांच्या वरच्या तापमानाला चिमणीतून सोडून द्यायचे. बॉम्बे हायचा वायू समुद्रातून नळाने आणायचा आणि त्यातल्या दोन तृतीयांशावर रायगडचे कावळे शेकायचे.

१९९४ मध्ये हे थांबलं. दोन टर्बाइनच्या मागे दोन एचआरएसजी, म्हणजे बाहेर जाणाऱ्या गरम वायूवर चालणारे बॉयलर, आणि दोघांची वाफ मिळून १२० मेगावॉटचं एक स्टीम टर्बाइन. हेच कम्बाइन्ड सायकल. दोनदा १०८ अधिक १२०, झाले ३३६. असे दोन ब्लॉक मिळून ६७२. यातल्या २४० मेगावॉटसाठी वायूचा एक जादा घनमीटरही लागत नाही. युनिटमागे २७०० किलोकॅलरीच्या वर असलेला हीट रेट, म्हणजे तेवढ्या विजेसाठी जाळावी लागणारी उष्णता, हिशेबाने १८०० च्या आत येतो, म्हणजे कार्यक्षमता ४९ टक्के.

टाळ्या वाजवायच्या आधी एक सांगतो. हे ४९ टक्के नेट कॅलरिफिक व्हॅल्यूवरचे, म्हणजे वायू जळताना तयार होणाऱ्या पाण्याच्या वाफेतली उष्णता न धरता. टर्बाइनवाले नेहमी याच आकड्यात बोलतात. वायूचं बिल मात्र ग्रॉसवर, म्हणजे तीही उष्णता धरून, येतं, आणि नैसर्गिक वायूत ग्रॉस नेटपेक्षा साधारण ११ टक्क्यांनी जास्त. त्यामुळे कौतुक ४९ चं होतं आणि पैसे ४४ चे मोजावे लागतात. निविदेच्या तुलनेत एकाचा आकडा नेटचा आणि दुसऱ्याचा ग्रॉसचा आला, तर चांगली यंत्रसामग्री बाहेर पडते. आकड्यासमोर आधार लिहिलेला नसेल तर तो कागद परत पाठवा.

आता माझं जुनं दुखणं. डायव्हर्टर डॅम्पर! हसू नका, पुढच्या रांगेतले काही जण का हसतायत ते मला कळतंय.

ओपन सायकलचं रूपांतर करताना टर्बाइनच्या एक्झॉस्टवर एक मोठं पातं बसवतात, एखाद्या खोलीच्या भिंतीएवढं. ते एका बाजूला झुकलं की वायू बॉयलरमध्ये, दुसऱ्या बाजूला झुकलं की बायपास चिमणीत. नकाशावर ही कल्पना सुंदर दिसते. बॉयलर बंद पडला तरी गॅस टर्बाइन चालू राहील, आणि बॉयलर उभारला जात असताना टर्बाइन वीज देत राहील. भारतात ज्या काळात मेगावॉट-मेगावॉटला ग्रिड तरसत होतं, त्या काळात हा मुद्दा बिनतोड होता.

प्रत्यक्षात पात्याच्या एका अंगाला पाचशे तीस अंशांचा वायू, दुसऱ्या अंगाला बाहेरची हवा. चौकट एकीकडे ताणते, पातं दुसरीकडे वाकतं. कडेला पातळ मिश्रधातूच्या लवचिक सील पट्ट्यांच्या दोन ओळी असतात आणि त्यांच्यामध्ये सील एअर फॅन वायूपेक्षा जास्त दाबाची हवा भरतो. फॅन चालू आणि पट्ट्या सरळ असल्या तर गळती जवळपास नाही. दर चालू-बंदला पट्ट्या थोड्या मुरडतात, त्यांचे बोल्ट सैल होतात. मग कधीतरी फॅनची मोटर जळते. एवढा छोटा फॅन, पुढच्या शटडाउनला बघू, असं ठरतं. तिथून गरम वायू फटीतून बायपास चिमणीत जायला लागतो आणि उरलेल्या पट्ट्या जाळून टाकतो.

एक टक्का गळती धरा. एका बॉयलरच्या वाफेवर साधारण ६० मेगावॉट होतात, त्याचा एक टक्का म्हणजे ६०० किलोवॉट. वर्षाला ८००० तास चाललं तर ४८ लाख युनिट. इंधन पूर्ण जळालंय, पैसे गेलेत आणि वीज चिमणीत. ही गळती कुठल्याच अहवालात दिसत नाही, कारण बायपास चिमणीत तापमान मोजणारा थर्मोकपल असला तरी त्याकडे बघायची सवय नसते. टर्बाइनचा भार तोच असून वाफ हळूहळू कमी होत असेल तर नळ्यांना दोष देण्याआधी त्या चिमणीवर थर्मल कॅमेरा धरा.

उलटी गळती जास्त घातक. टर्बाइन ओपन सायकलमध्ये चालू आहे आणि बॉयलरच्या आत माणूस वेल्डिंग करतोय, हे फक्त डॅम्परच्या भरवशावर चालू द्यायचं नसतं. डॅम्पर म्हणजे आयसोलेशन नव्हे. त्याच्यापुढे वाट पूर्ण बंद करणारी ब्लँकिंग प्लेट बसवावी लागते, आणि बहुतेक रचनांमध्ये ती बसवायला टर्बाइन थांबवून गार करावं लागतं. म्हणजे ज्या सोयीसाठी हा सगळा खटाटोप केला, ती निम्मी तिथेच संपते. माझं मत ऐकाल तर आज नव्याने रूपांतर करताना, ग्रिडला ओपन सायकलची खरी गरज नसेल, तर बायपास चिमणी गाळा. स्टीम टर्बाइन ट्रिप झालं, म्हणजे अचानक बंद पडलं, तर वाफ बायपास व्हॉल्व्हमधून कंडेन्सरात, म्हणजे वाफेचं पुन्हा पाणी करणाऱ्या भांड्यात, सोडता येते, गॅस टर्बाइन चालू राहतं. बॉयलरच्या ड्रममधल्या पाण्याची पातळी गेली तरच सगळं बंद होतं, आणि त्याचा उपाय चांगला फीड पंप आणि चांगला ऑपरेटर हा आहे.

आणखी एक गोष्ट रूपांतराआधीच्या सर्वेक्षणात हटकून सुटते. सुरू करण्याआधी टर्बाइन हवेवर फिरवून आतला न जळलेला वायू झटकायचा, म्हणजे पर्ज करायचं. ओपन सायकलला यात फार वेळ जात नाही. मागे बॉयलर आला की त्याची सगळी पोकळी हवेने निदान पाच वेळा बदलावी लागते, म्हणजे दहा-पंधरा मिनिटं. जुन्या स्टार्टरने एवढा वेळ भार झेलायचा का, त्याच्या ट्रान्सफॉर्मरचं तापमान किती चढेल, हे कोणी तपासत नाही. शिवाय ही गार हवा गरम सुपरहीटरवरून, म्हणजे वाफ आणखी तापवणाऱ्या नळ्यांवरून, जाते, आतली वाफ थंड होऊन नळ्यांच्या तळाशी पाणी साचतं. ड्रेन उघडले नाहीत, किंवा पाइप बारीक असल्यामुळे पाणी पुरेसं वाहिलं नाही, तर वाफ सुरू होताच ते पाणी गरम हेडरवर, म्हणजे त्या नळ्या जिथे मिळतात त्या जाड पाइपवर, आदळतं. हेडरच्या जोडांना तडे जातात, आणि दोष दिला जातो वेल्डरला.

अध्यक्षांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलंय. ठीक. माझा खरा मुद्दा असा की हा निर्णय चिमणीपाशी होत नाही, कंडेन्सरपाशी होतो. ओपन सायकलच्या केंद्राला पाणी जवळपास लागतच नाही. १२० मेगावॉटचं स्टीम टर्बाइन लावलं की कंडेन्सरात सुमारे २५० मेगावॉट उष्णता टाकावी लागते. थंड पाण्याचं तापमान दहा अंशांनी चढू दिलं तर ताशी २१ ते २२ हजार घनमीटर पाणी फिरवायला हवं. कूलिंग टॉवर असेल तर बाष्पीभवन आणि ब्लोडाउन, म्हणजे क्षार वाढलेलं पाणी काढून टाकणं, मिळून ताशी चारशे घनमीटरच्या घरात भरपाई. रोजचं एक कोटी लिटर! खाडीकाठी हे जमतं. अवर्षणप्रवण तालुक्यात जमत नाही. तिथे हवेने गार होणारा एअर कूल्ड कंडेन्सर लावावा लागतो, आणि मे महिन्यात त्याचं व्हॅक्यूम पडतं आणि वीज घटते, नेमकं जेव्हा वीज हवी असते तेव्हा.

रूपांतराचा दुसरा प्रकार घाईत सांगतो. जुनं वायूवर चालणारं बॉयलरचं केंद्र असतं, त्याचा बॉयलर काढून तिथे गॅस टर्बाइन आणि एचआरएसजी लावायचे, स्टीम टर्बाइन जुनंच ठेवायचं. २१० मेगावॉटचा संच घ्या. त्यात ताशी ६७० टन वाफ शिरते, पण कंडेन्सरापर्यंत ४३०-४४० टनच पोचते, कारण बाकीची फीडवॉटर हीटरसाठी, म्हणजे बॉयलरला जाणारं पाणी तापवायला, मध्येच काढलेली असते. एचआरएसजीला गार फीडवॉटरच हवं, नाहीतर चिमणीचं तापमान शंभरापर्यंत उतरत नाही. म्हणून हीटर बंद. मग सगळी वाफ शेवटच्या पात्यांवर आणि कंडेन्सरात येते. ती त्यांना झेपणार नाही, म्हणून शिरणारी वाफच कमी करायची. २१० चं यंत्र दीडशेवर येतं. त्याच्यासाठी तीनशे मेगावॉटची गॅस टर्बाइन, कारण गॅस टर्बाइन आणि स्टीम टर्बाइनचं प्रमाण दोनास एक. एकूण साडेचारशे. युनिटमागे वायू कमी, पण दिवसाला जिथे १३ लाख घनमीटर लागत होते तिथे २१-२२ लाख. उरणच्या प्रकारात जादा वायू शून्य, या प्रकारात एकूण वायू दीडपटीहून जास्त. देशातली बरीच वायूची केंद्रं वायूविना बसून आहेत, हे इथे कोणाला सांगायला नको.

तेव्हा ‘कधी करू नये’. पाण्याचा लेखी करार नसेल तर नको. वर्षाला तीन-चार हजार तासांपेक्षा कमी आणि तेही रोज सुरू-बंद करून चालवायचं असेल तर नको, कारण ओपन सायकल वीस मिनिटांत भार घेतं आणि गार पडलेल्या वाफेच्या बाजूला तीन-चार तास लागतात. वायू निम्माच मिळणार असेल तर दोन्ही ब्लॉक अर्धे चालवू नका, एकच पूर्ण चालवा, आणि तेवढ्यावर खर्च निघतो का ते बघा. गॅस टर्बाइनच्या रोटरचं आयुष्य संपत आलं असेल तर आधी त्याचा निर्णय. नंतर टर्बाइन सुधारलं की एक्झॉस्ट आणखी गरम होतं आणि कालच बसवलेल्या सुपरहीटरचा धातू अपुरा पडतो.

केमिकल क्लीनिंग, पाण्यातले क्षार काढणाऱ्या डीएम प्लांटची क्षमता आणि स्टीम ब्लोइंग, म्हणजे नव्या पाइपांतला कचरा जोराच्या वाफेने उडवणं, राहिलं. ते प्रश्नोत्तरांत विचारा. फक्त स्टीम ब्लोइंगच्या आदल्या दिवशी ग्रामपंचायतीला लेखी कळवा आणि पाइपच्या तोंडावर सायलेन्सर लावा. नाहीतर अर्धं गाव रात्री फाटकावर येईल, आणि त्यांचं काही चुकणार नाही.