रॉकीचा रवाळ अंधार

मंडळी, गल्लीतल्या खेळात ज्याला लिंबूटिंबू म्हणून घेतात तोच शेवटी सगळ्यांना पुरून उरतो, ही क्रीडापटांची जुनी वाट आहे. त्या वाटेवरचा सगळ्यांना ठाऊक असलेला चित्रपट म्हणजे १९७६चा, एका मुष्टियोद्ध्याचा ‘रॉकी’. गोष्ट तुम्हाला पाठ आहे, त्यामुळे ती सांगत नाही. हा चित्रपट घरच्या पडद्यावर कसा दिसायला हवा आणि बहुतेक घरांत तो तसा का दिसत नाही, एवढंच आज बोलू.

आधी तो कसा बनला ते पाहायला हवं, कारण घरी दिसणाऱ्या चित्राची निम्मी उत्तरं तिथे आहेत. खर्च सुमारे दहा लाख डॉलर, चित्रीकरण २८ दिवसांचं. हॉलिवूडच्या हिशेबात ही चिल्लर. बर्फावरच्या स्केटिंगचा प्रसंग कागदावर शेकडो माणसांच्या गर्दीत होता. तेवढी माणसं आणायला पैसे नव्हते, म्हणून रिकामी रिंक, एक रखवालदार आणि दहा मिनिटांची मुदत, असा तो नव्याने लिहिला गेला. सामन्याच्या मोठ्या फलकावर रॉकीच्या चड्डीचा रंग चुकला. फलक पुन्हा रंगवण्याऐवजी रॉकीच ती चूक दाखवतो, असा संवाद घातला. झगा अंगाला ढगळ झाला, तर त्यावरही एक वाक्य आलं. पैशाची चणचण अशी जागोजागी कथेत मुरली आहे. माझं म्हणणं असं की ती चित्रातही तितकीच मुरली आहे, आणि घरगुती आवृत्ती चांगली की वाईट हे ती चणचण शाबूत राहिली की नाही यावर ठरवावं.

छायालेखक जेम्स क्रेब. त्या काळी अमेरिकेत रंगीत चित्रपटांसाठी सर्रास वापरली जाणारी निगेटिव्ह म्हणजे ईस्टमन ५२४७. तिचा वेग, म्हणजे प्रकाश टिपण्याची क्षमता, १०० एएसए. आज मोबाइलचा कॅमेरा अंधारात हजारोंच्या आकड्यात सहज जातो, त्याच्याशी हे ताडून बघा. शंभराच्या फिल्मवर पहाटेचा रस्ता किंवा एका बल्बची खोली जादा दिवे न लावता टिपायची तर छायालेखकापुढे दोनच उपाय असतात: लेन्स पूर्ण उघडायची, आणि कमी पडलेला प्रकाश लॅबमध्ये डेव्हलपिंग वाढवून भरून काढायचा. याला पुश करणं म्हणतात. लेन्स उघडली की फोकसची खोली आटते, नटाने मान पुढे केली तरी डोळे धूसर होतात. पुश केलं की दाणा, म्हणजे फिल्मचे चित्रात दिसणारे बारीक कण, फुगतो आणि सावल्यांतला काळा रंग दुधाळ, किंचित करडा होतो. त्या काळच्या कमी प्रकाशातल्या चित्रणात दिसणारा रवाळपणा असा येतो. तो फिल्मच्या पोटातला आहे, वरून बसलेली धूळ नव्हे.

दुसरी गोष्ट स्टेडिकॅमची. फिलाडेल्फियाच्याच गॅरेट ब्राउनने हे यंत्र बनवलं. अंगात घालायचं जाकीट, त्याला स्प्रिंगचा हात आणि हाताच्या टोकाला तोललेला कॅमेरा. चालणाऱ्याचा हेलकावा स्प्रिंग गिळतात आणि चित्र तरंगत राहतं. ब्राउनच्या नमुन्याच्या फितीत त्याची मैत्रीण फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयाच्या पायऱ्या धावत चढते. दिग्दर्शक जॉन एविल्डसनने ती फीत पाहिली आणि त्या ७२ पायऱ्या चित्रपटात आल्या. स्टेडिकॅम वापरणाऱ्या अगदी पहिल्या चित्रपटांत ‘रॉकी’ मोडतो. घरी बघताना हे ध्यानात ठेवायचं, कारण तरंगता कॅमेरा आणि ठसठशीत दाणा ही जोडी स्वस्त कॉम्प्रेशनला, म्हणजे चित्र आकसून साठवण्याला, अजिबात झेपत नाही. का, ते पुढे येईल.

आता फिल्मच्या पिढ्या. कॅमेऱ्यातली मूळ निगेटिव्ह, तिच्यावरून इंटरपॉझिटिव्ह ही मधली नक्कल, त्यावरून दुसरी निगेटिव्ह आणि तिच्यावरून थिएटरची प्रिंट. प्रत्येक नकलेत थोडा तपशील गळतो आणि दाण्यावर दाणा चढतो. जुन्या काळी व्हिडिओसाठी बहुधा मधल्या किंवा शेवटच्या पिढीवरून नक्कल काढत. थिएटरची प्रिंट प्रोजेक्टरच्या दिव्यासाठी कडक कॉन्ट्रास्टची केलेली असते. तिच्यावरून टीव्हीसाठी चित्र काढलं की सावल्या डांबरासारख्या होतात आणि रॉकीची काळी टोपी व काळं जॅकेट रात्रीत विरघळून जातं. म्हणून मूळ निगेटिव्हवरून स्कॅन केलं की नाही, हा प्रश्न वेष्टनावरच्या ‘४के’ (आडवे सुमारे चार हजार पिक्सेल) या शिक्क्यापेक्षा मोठा.

इथे एक सावधगिरी. एक दृश्य विरून दुसरं उमटतं, किंवा चित्रावर अक्षरं येतात, ते तुकडे त्या काळी ऑप्टिकल प्रिंटरवर, म्हणजे फिल्मवरून फिल्म पुन्हा टिपणाऱ्या यंत्रावर, वेगळे बनवत. मूळ निगेटिव्हच्या जोडणीतच तो नकलेचा तुकडा बसवलेला असायचा. त्यामुळे उत्तम स्कॅनमध्येसुद्धा अशा ठिकाणी चित्र एकाएकी मऊ आणि जास्त रवाळ होतं आणि पुढच्या कटला पुन्हा लख्ख होतं. अनेकजण याला डिस्कचा दोष समजून परत करायला निघतात. त्या काळच्या जवळपास प्रत्येक चित्रपटात हे आहे आणि ते तसंच असू द्यावं.

आपल्याकडे हे चित्रपट ज्या रूपांत पोचत, त्यातली व्हीएचएस कॅसेट म्हणजे आडव्यात सुमारे २४० रेषांचा तपशील. दाणा तिथे दिसतच नव्हता, नुसता धुरकटपणा दिसायचा. मग व्हिडिओ सीडी आली: ३५२ बाय २८८ पिक्सेल, एमपेग-१ पद्धतीचं कॉम्प्रेशन, सेकंदाला ११५० किलोबिट. एका चकतीत ७४ मिनिटं मावत, म्हणून दोन तासांचा चित्रपट दोन चकत्यांत आणि मध्येच उठून चकती बदलायची. या पद्धतीत चित्राचे १६ बाय १६ पिक्सेलचे चौकोन पाडतात आणि मागच्या फ्रेममधल्या चौकोनाशी तुलना करून फक्त फरक साठवतात. दाण्याची गंमत अशी की तो प्रत्येक फ्रेममध्ये निराळा असतो. फरक सगळीकडेच पडतो. जोडीला कॅमेराही तरंगत असला की साठवायला बिट पुरत नाहीत आणि आकाशाच्या जागी फरशा बसवल्यासारखं दिसतं.

पालचा, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या टीव्ही पद्धतीचा, घोटाळा त्याहून छुपा. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा, पाल पद्धत २५ची. सोपा मार्ग म्हणजे चित्रपटच चार टक्के जोरात पळवायचा. ११९ मिनिटांचा चित्रपट साधारण ११४ मिनिटांत संपतो. आवाजही चढतो: पांढरी एकचा सूर काळी एकच्या दिशेने पाऊण वाट चालून जातो. संगीतकार बिल काँटीच्या तुताऱ्या जराशा चिरक्या आणि रॉकी झालेल्या स्टॅलोनचा खर्ज जरासा हलका. डीव्हीडीतही हे आहे. पाल डीव्हीडी ७२० बाय ५७६ म्हणजे रेषा जास्त, अमेरिकेची एनटीएससी ७२० बाय ४८०. पण गती एनटीएससीची खरी. कानाचे पक्के असाल तर रेषांचा मोह सोडावा. ब्लू-रेवर २४ फ्रेम थेट बसतात, त्यामुळे हा प्रश्नच मिटतो.

‘रॉकी’ ब्लू-रेवर २००६ सालीच आला, त्या काळच्या बऱ्याच चकत्यांसारखा एमपेग-२मध्ये. २०१४च्या संचात पहिल्या चित्रपटाला नवं ४के काम मिळालं, पुढच्या भागांना नाही. २०२३च्या फेब्रुवारीत पहिले चार भाग ४के अल्ट्रा एचडीवर आले. जुनी स्वस्त मिळते म्हणून २००६ची घेऊ नका. २०१४ची किंवा त्यानंतरचीच घ्या. आणखी एक व्यवहाराची बाब: ब्लू-रेला प्रदेश-कुलूप असतं. भारत सी विभागात, अमेरिका ए विभागात. ४के चकतीला असं कुलूप नसतं, पण त्याच डबीतली साधी ब्लू-रे कुलूपबंद असू शकते.

आता ज्यावर सगळ्यात जास्त भांडण होतं ते: दाणा पुसणं. नॉइज रिडक्शनचं यंत्र शेजारच्या फ्रेम एकमेकींशी ताडतं, जे बदलतंय ते कचरा समजतं आणि सरासरी काढतं. माणूस स्थिर उभा असेल तर चित्र काचेसारखं होतं. तो धावायला लागला की तो स्वतःच बदल ठरतो. मग त्याच्यामागे फिकट शेपूट येतं, गालांचं मेण होतं, विटांच्या भिंतीचा गिलावा होतो. हा मेणटपणा लपवायला कडा धारदार करतात, तेव्हा रिंगच्या दोरांभोवती पांढरी रेघ उमटते. फिलाडेल्फियातल्या केन्सिंग्टनच्या ओल्या, कळकट गल्ल्या अशा घासूनपुसून स्वच्छ केल्या तर रॉकी तिथून बाहेर पडायला का धडपडतो, हेच कळेनासं होतं.

स्ट्रीमिंगवर हे काम आपोआप होतं. ४के चकतीला सेकंदाला १०० मेगाबिटच्या वर जाता येतं, स्ट्रीमिंगचं ४के साधारण १५ ते २५ मध्ये भागवतं. दाण्यावर बिट खर्च करणं त्यांना परवडत नाही. एव्ही१ या कॉम्प्रेशनच्या नव्या पद्धतीत तर मूळ दाणा काढून टाकतात आणि तुमच्या टीव्हीत कृत्रिम दाणा पेरतात. लांबून बरा दिसतो, पण तो सगळीकडे एकसारखा, गिरणीतून आल्यासारखा.

चकती चांगली आणली तरी टीव्ही तिची माती करू शकतो. पहिलं म्हणजे मोशन स्मूदिंग, म्हणजे टीव्हीने मध्ये कृत्रिम फ्रेम घालणं, बंद करा. सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस, एलजीत ट्रूमोशन, सोनीत मोशनफ्लो. हे चालू असलं की स्टेडिकॅमचं तरंगणं मालिकेच्या सेटवर आल्यासारखं दिसतं. फिल्ममेकर मोड असेल तर तोच लावा, निम्मी कामं होतात. शार्पनेस तटस्थ जागी, म्हणजे बहुतेक कंपन्यांत शून्याजवळ, सोनीत ५० वर. नॉइज रिडक्शन बंद. रंगछटा ‘वॉर्म’. पहिले दोन दिवस पिवळट वाटेल, मग डोळा सरावतो. चित्राचा आकार ‘जस्ट स्कॅन’ किंवा तत्सम, नाहीतर कडा कापल्या जातात. चित्रपट १.८५ प्रमाणात (रुंदी उंचीच्या १.८५ पट) आहे, म्हणून ब्लू-रेवर वर आणि खाली २१-२१ पिक्सेलची काळी पट्टी यायलाच हवी. ती दिसत नसेल तर कुणीतरी चित्र ताणलंय किंवा कापलंय. प्लेअरमध्ये २४ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला २४ फ्रेम पाठवण्याची सोय, चालू करा. ५५ इंची पडद्यापासून ब्लू-रेसाठी दोन मीटर ठीक, ४केचा खरा तपशील हवा तर एक-सव्वा मीटरवर यावं लागतं. आपल्या बैठकीच्या खोलीत सोफा तीन मीटरवर असतो, तेव्हा ४केसाठी जास्त पैसे मोजण्याआधी टेप लावून मोजा.

एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा पल्ला वाढवलेलं चित्र, त्याबद्दल थोडक्यात. तीनशे निट उजेडाच्या स्वस्त टीव्हीवर एचडीआर बहुधा अंधारतो, कारण टीव्हीला झेपत नाहीत ते उजेड तो दाबून बसवतो आणि ओढाताणीत मधले रंगही खाली जातात. अशा टीव्हीवर साधी ब्लू-रेच जास्त प्रामाणिक दिसते.

तपासायला चार जागा. अगदी सुरुवातीला ‘रॉकी’ ही प्रचंड अक्षरं उजवीकडून डावीकडे सरकतात. २४ हर्ट्झ नीट लागलं नसेल तर फ्रेम तीनदा, दोनदा अशा असमान दाखवल्या जातात आणि अक्षरं अडखळतात. पहाटे चारला उठून रॉकी पाच कच्ची अंडी पेल्यात फोडतो तिथे फ्रिजचा उजेड बघा. त्या उजेडाबाहेरच्या खोलीत वस्तूंच्या कडा जाणवायला हव्यात, पण काळोख पार करडाही होता कामा नये. रिंकचा पांढरा बर्फ: त्यावर दाणा मुंग्यांसारखा हलता दिसला तर ठीक, गोठलेला किंवा ठोकळ्यांचा दिसला तर कॉम्प्रेशन कमी पडलंय. आणि शेवटचा सामना. छायाचित्रकारांचा फ्लॅश एका फ्रेमपुरता पडतो, त्या क्षणी चित्रातला प्रत्येक चौकोन बदलतो आणि मागच्या फ्रेमची मदत शून्य होते. फ्लॅशच्या लगेच पुढची फ्रेम थांबवून गर्दीचे चेहरे बघा. चांगल्या चकतीत ते चेहरेच राहतात.

आवाजाचं एवढंच, की चित्रपट मुळात मोनो, म्हणजे एकाच वाहिनीच्या आवाजाचा, होता. मेन्यूत मूळ मोनो दिला असेल तर तोच लावा आणि ॲम्प्लिफायरला सगळे स्पीकर भरायला लावू नका, मधल्या एकाच स्पीकरमधून येऊ द्या. नव्या ५.१ (भोवतीच्या अनेक स्पीकरांसाठीच्या) मिश्रणात प्रेक्षकांचा गलका पाठीमागून येतो, त्याची मजा वेगळी. पण घंटा वाजते आणि तो ‘एड्रियन’ म्हणून ओरडतो, तेव्हा मोनोत गलका आणि ती हाक एकाच जागेवरून येतात आणि हाकेला गलक्यातून वाट काढावी लागते.